मे महिन्यातली मोजणी

मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेअकराच्या सुमारास, लातूरच्या पश्चिमेकडच्या एका नव्या वसाहतीत कमलबाई मुळे यांच्या अंगणात उभं राहून मी सर्व्हे फॉर्मच्या सातव्या रकान्यात ‘एक’ असं लिहिलं. त्र्याण्णवच्या भूकंपाला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती. त्या वर्षीची मेडिकल-इंजिनिअरिंगची सीईटी होऊन गेली होती. सातव्या रकान्याचं नाव होतं, ‘सध्या राहणाऱ्या व्यक्ती’.

मी नांदेडच्या एका खासगी सल्लागार संस्थेत नगररचनाकार होतो. शहराचा विकास आराखडा, ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो करण्याआधी आज कुठल्या जमिनीवर काय आहे हे पाहावं लागतं. माणसं नकाशा घेऊन प्लॉट-प्लॉट फिरतात. घर असेल तिथे पिवळा रंग, शेत असेल तिथे हिरवा, पाणी असेल तिथे निळा. सोबत एक फॉर्म भरायचा. मजले किती, छत कसलं, पाणी कुठून येतं, राहतात किती. शहराच्या पश्चिम भागाचं हे काम आमच्याकडे आलं होतं.

कमलबाईंचा प्लॉट मोठा होता. मधोमध विहीर, तीन बाजूंनी पत्र्याच्या बारा खोल्या, एका कोपऱ्यात मेस. बाराही खोल्यांना कुलूप होतं. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. एका खिडकीतून आत पाहिलं तर भिंतीवर हाताने आखलेलं अभ्यासाचं वेळापत्रक चिकटवलेलं दिसलं. पहाटे चारपासून सुरू होत होतं.

“पोरी गावाकडं गेल्यात, सायेब,” कमलबाई म्हणाल्या. “निकाल लागला की नव्या येतेत. छत्तीस असतेत. लिहा.”

मी त्यांना नियम सांगितला. आज इथे जे राहतात तेवढेच लिहायचे.

“मग आज कामून आलात?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मे महिन्यात शहर मोकळं असतं. क्लासेसच्या गल्ल्यांत सायकलींची गर्दी नसते, टेप लावून रस्त्याची रुंदी मोजता येते. पॉलिटेक्निकला सुट्टी असल्यामुळे फिरायला मुलं मिळतात. पाऊस सुरू झाला की काळ्या मातीत पाय रुततात. म्हणून आमच्याकडचे सगळे सर्व्हे मे महिन्यातच व्हायचे. हे मी त्यांना सांगितलं नाही. पाण्याच्या रकान्यात ‘विहीर’ लिहिलं, सही घेतली आणि पुढच्या प्लॉटकडे गेलो.

पुढचा प्लॉट म्हणजे तळं होतं. बहात्तरच्या दुष्काळात रोजगारासाठी कामं काढली गेली, त्यात बांधलेला तो पाझर तलाव. अशा तलावातून कुणी पाणी उपसत नाही. पावसाचं पाणी तिथे अडतं, सावकाश जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागतं. कमलबाईंची विहीर अशीच खालच्या अंगाला होती. पण मेमध्ये तळ्यात पाणी नव्हतं. भेगा पडल्या होत्या, दोन ट्रॅक्टर गाळ भरत होते. सातबाऱ्यावर तलावाची नोंद नव्हती. बहात्तरच्या घाईत बांध पडले, कागद मागे राहिले. जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर होती. नकाशावर मी ‘मोकळी जमीन’ लिहिलं.

‘दिसेल ते लिहायचं, ऐकलेलं नाही,’ हा आमच्या संस्थेचा नियम होता. तो घालून दिला होता सोनटक्के सरांनी. सर संस्थेचे प्रमुख, नांदेडचे, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात घरोघरच्या याद्या करायला त्यांची माणसं गेली होती. लोकांनी सांगितलेली नावं त्यांनी विश्वासाने लिहून घेतली. पुढे तक्रारी झाल्या. नसलेली माणसं यादीत आहेत, असलेली राहून गेली. सरांना दोन वर्षं चौकशीला खेटे घालावे लागले. तेव्हापासून ऐकीव नोंद त्यांना चालत नसे. नियम चुकीचा नव्हता. तो दुसऱ्या एका चुकीवरचा उपाय होता.

नांदेडला परत आल्यावर आकडेमोड झाली. त्यातली एक संख्या महत्त्वाची असते, घनता. एक हेक्टर जमिनीवर किती माणसं राहतात हे तिच्यावरून कळतं. आमच्या भागाची घनता कमी आली, फार कमी. मी सरांना म्हणालो की त्या वसाहतीत दर दोन-तीन घरांआड हॉस्टेल आहे आणि आपण गेलो तेव्हा ती बंद होती.

सर चष्मा पुसत होते. “हॉस्टेल आहे म्हणून कागद कुठंय?”

कागद नव्हता. करवसुलीच्या दप्तरात ती सगळी राहती घरं होती. हॉस्टेल म्हणून नोंद कुणीच करत नसे.

“मग फिजूल डोकं लावू नको. आणि कमी आली तर बिघडलं कुठं? मोकळी वस्ती आहे. लोकांना मोकळं पाहिजे आता.”

त्यांचं हे म्हणणं तेव्हा कुणालाही पटलं असतं. मी माझी नोकरी सुरू केली ती भूकंपग्रस्त गावांचे नवे लेआउट काढण्यापासून. जुनी गावं दाट होती. घराला घर, जाड दगडी भिंती, वर मातीचं माळवद. तीच माणसांवर पडली. नव्या गावांत आम्ही घरं लांब लांब टाकली, रस्ते रुंद केले, प्रत्येकाला अंगण दिलं. पुढची दहा-पंधरा वर्षं मराठवाड्यातल्या कुठल्याही नकाशावर विरळ वस्ती दिसली की ती चांगली वस्ती असं आम्ही धरून चाललो. त्यामुळे तो कमी आकडा कुणाला खटकला नाही.

तो आकडा दोन ठिकाणी वापरला गेला.

पहिलं ठिकाण जमिनीचं. पुढच्या वीस वर्षांत शहरात किती लोक वाढतील याचा अंदाज असतो. त्याला घनतेने भागलं की घरांसाठी किती जमीन लागेल ते निघतं. घनता कमी धरली की जमीन जास्त लागते. मग शेतं, माळ, मोकळ्या जागा हिरव्यातून पिवळ्यात घ्याव्या लागतात. दुसरं ठिकाण पाण्याचं. राहणारी माणसं कमी दाखवली की त्या भागाला पाणी कमी लागेल असं निघतं. पाइप लहान, टाकी लहान. म्हणजे एकाच आकड्यामुळे कागदावर जमीन जास्त लागली आणि पाणी कमी लागलं. प्रत्यक्षात त्या गल्ल्यांत पत्र्याखाली, एका खोलीत तिघी याप्रमाणे दाटी होती. जून ते एप्रिल.

पिवळ्यात घेतलेल्या जागांमध्ये ‘मोकळी जमीन’ होती. ती तळ्याची होती.

प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की लोकांना हरकती घेता येतात. सुनावणी साधारण दीड वर्षाने झाली. आलेल्या बहुतेक हरकती रस्त्यात प्लॉट जातो या स्वरूपाच्या होत्या. कमलबाईंची हरकत एका पानाची होती, त्यांच्याकडे राहणाऱ्या एका मुलीने वहीच्या कागदावर लिहिलेली. तळ्यावर घरं झाली तर माझी विहीर जाईल आणि विहीर गेली तर हॉस्टेल जाईल, एवढंच त्या पानावर होतं.

समितीत तीन माणसं होती. अध्यक्ष निवृत्त अभियंते होते. त्यांनी कमलबाईंना बसायला खुर्ची दिली आणि नीट ऐकून घेतलं. कमलबाईंनी सांगितलं की त्या औसा तालुक्यातल्या भूकंपात पडलेल्या गावच्या. नवरा आणि सासू माळवदाखाली गेले. मुलीला घेऊन त्या लातूरला आल्या, तिला शिकवलं. मुलीच्या दोन मैत्रिणी राहायला आल्या आणि त्यातून हॉस्टेल झालं. वर मजला का चढवला नाही असं अध्यक्षांनी विचारलं. मजला चढवला असता तर जागा वाचली असती, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

“पत्रा पडला तर माणूस वाचतंय, सायेब,” कमलबाई म्हणाल्या. “लोकाच्या लेकी हायेत. त्यांच्या डोक्यावर मी दगड न्हाई ठेवणार.”

मग अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. त्या विहिरीवर किती लोक अवलंबून आहेत, असं त्यांनी विचारलं.

शीट माझ्यासमोर होती. सोनटक्के सर शेजारी बसले होते. त्यांनी बोट सातव्या रकान्यावर ठेवलं. त्या क्षणी मला दुसरं काही सांगता आलं असतं का, याचा मी नंतर अनेकदा विचार केला. आलं असतं. सर्व्हे मेमध्ये झाला, खोल्या बंद होत्या, मी वेळापत्रक पाहिलं होतं, एवढी तीन वाक्यं पुरली असती. पण ती वाक्यं बोलली की फक्त एका प्लॉटचा आकडा पडत नव्हता. सगळा सर्व्हे पडत होता.

“सर्वेक्षणानुसार एक,” मी म्हणालो.

कमलबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग त्या माझ्याशी बोलल्या, समितीशी नाही.

“भूकंपात पंचनाम्याला सायेब आले, त्यांनी मेलेल्यांची नावं ऐकून लिहून घेतली. ह्या तर जित्या हायेत.”

हरकत फेटाळली गेली. कारण म्हणून ‘मोठ्या लोकसंख्येवर परिणाम नाही’ असा शेरा पडला. बाहेर पडताना सर मला चहाला घेऊन गेले. चहा होईपर्यंत ते दुसऱ्या कामाबद्दल बोलत राहिले. किनवटकडचा एक रस्ता मोजायचा होता.

आराखडा मंजूर झाला. जमीनमालकाने पुढच्या उन्हाळ्यात बांध फोडला, मुरूम टाकून भराव केला आणि प्लॉट पाडले. हे सगळं नियमात होतं. घरं उठली. त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांच्या वर पत्र्याच्या खोल्या चढल्या, कारण दरवर्षी येणारी मुलं वाढत होती. प्रत्येक घरात बोअर झाला. जिथे पाणी मुरत होतं तिथे आता ते उपसलं जात होतं.

तळं असतं तर विहीर टिकली असती, असं मला सिद्ध करता येणार नाही. पाऊस कमी झाला, आजूबाजूचे बोअर खोल गेले, ही कारणंही आहेत. माहीत आहे ते असं. भरावानंतर तिसऱ्या वर्षापासून कमलबाईंच्या विहिरीने मार्चमध्ये तळ दाखवायला सुरुवात केली. त्याआधी ती जूनपर्यंत पुरत असे. त्यांनी अंगणात बोअर घेतला. तो कोरडा गेला. मग टँकर आले. पुढे ज्या वर्षी शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी विहीर दिवाळीआधीच आटली. टँकरला चार-चार दिवसांचा नंबर होता. फेब्रुवारीत, बारावीची परीक्षा तोंडावर असताना, पालक येऊन मुलींना घेऊन गेले. काही शिरूर अनंतपाळला घरी गेल्या, काहींनी नांदेडला दुसरं हॉस्टेल पाहिलं. तो दुष्काळ होता, एकट्या कमलबाईंवर आला नव्हता. पण दुष्काळ संपल्यावर इतर हॉस्टेलं पुन्हा उघडली. ज्यांच्याकडे मजले होते त्यांच्याकडे टाक्या होत्या, टँकर परवडण्याइतकी मुलं होती. कमलबाईंचं उघडलं नाही.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी दुसऱ्या जिल्ह्यात काम करत होतो. पुढे सर वारले, संस्था बंद झाली, मीही निवृत्त झालो.

अलीकडे एका बैठकीला बोलावणं आलं. शहरासाठी हवामान आराखडा करायचा होता. उन्हाळा वाढतोय, पाऊस एकदम पडतोय, तर कुठे झाडं, कुठे पाणी, कुठे किती माणसं राहू द्यायची, याचा तो आराखडा. जुन्या सर्व्हेतलं कुणी असावं म्हणून मला बोलावलं होतं. काम पाहणारी ऋतुजा नावाची तिशीतली नगररचनाकार होती, मुरुडची. तिने प्रोजेक्टरवर उपग्रहाचा नकाशा लावला. जमीन जिथे जास्त तापते तिथे लाल रंग होता. पश्चिमेचा भाग सगळ्यात लाल होता. झाड नाही, माती उघडी नाही, नुसता पत्रा आणि डांबर.

मग तिने त्याच भागाचा आमचा जुना, हाताने केलेला घनतेचा नकाशा लावला. तो फिकट होता, म्हणजे वस्ती विरळ. कोपऱ्यात बारीक अक्षरात सर्व्हेचा महिना होता. अक्षर माझं होतं.

“सर, एक कोडं सुटत नाहीये,” ऋतुजा म्हणाली. “इथे माणसं इतकी कमी आहेत, तर वीज इतकी कशी लागते? आणि पाणी?”

मी तिला सांगितलं की सर्व्हे मेमध्ये झाला होता.

ती लातूर जिल्ह्यातलीच असल्यामुळे पुढचं सांगावं लागलं नाही. तिने पेन खाली ठेवलं. “मी स्वतः दोन वर्षं तिकडच्या हॉस्टेलला राहिले, सर. मेमध्ये आम्ही घरी असायचो.” मग तिने विचारलं, “हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

“होतं.”

तिने तिचाही सर्व्हे मेमध्ये ठरवला होता. त्याच कारणांसाठी, रस्ते मोकळे असतात म्हणून. सगळी माहिती पावसाआधी हातात हवी होती. मी तिला लेखी पत्र दिलं. हॉस्टेलच्या शहराची मोजणी हॉस्टेल भरलेली असताना करावी. तळ्यांची मोजणी पावसाळ्याच्या शेवटी करावी. वस्ती दाट असणं हा दोष नाही, दाट वस्ती विरळ म्हणून मोजणं हा दोष आहे, कारण मग शहर नको तिथे पसरतं आणि पाणी मुरायला जागा उरत नाही. पत्र एका पानात बसलं. ते सुनावणीच्या दिवशी तीन वाक्यांत बसलं असतं.

पत्रासोबत जुन्या रहिवाशाचं निवेदन जोडावं, असं ऋतुजाने सुचवलं. म्हणून मी कमलबाईंकडे गेलो. वसाहत ओळखू येत नव्हती. विहिरीवर लोखंडी जाळी होती, जाळीवर तुळशीच्या दोन कुंड्या. बारा खोल्यांपैकी आठ पाडलेल्या होत्या. ती बाजू विकली होती आणि तिथे चार मजली हॉस्टेल उभं होतं. उरलेल्या चारांपैकी एकीत कमलबाई राहत होत्या. मुलगी लग्न होऊन उदगीरला होती.

मी नाव सांगायच्या आधी त्यांनी ओळखलं.

“या. आता कोणता महिना हाय?”

मार्च, असं मी म्हणालो. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी आल्याचं कारण सांगितलं. त्या वेळी त्यांचं बरोबर होतं, माझं चुकलं, हेही सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग तळ्याच्या जागेवरच्या लोकांची हकिकत सांगितली. परतीच्या पावसात त्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरतं आणि रात्रभर ते बादल्यांनी बाहेर काढतात. “पाणी घरात, अन् हापशाला पाणी न्हाई,” त्या म्हणाल्या. यात त्यांना समाधान असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं.

निवेदनावर त्यांनी सही केली. कागद माझ्याकडे देताना म्हणाल्या, “तुमचा आकडा कामून बदलता, सायेब? तेव्हा खोटा व्हता. आता बराबर हाय.”

ऋतुजाने पत्र वर पाठवलं. मेमधला सर्व्हे रद्द झाला. मोजणी ऑगस्टमध्ये झाली, हॉस्टेलसाठी वेगळा फॉर्म होता. पश्चिम भागाची घनता जुन्या आकड्याच्या कितीतरी पट निघाली आणि तिथे नवी जमीन पिवळ्यात घेऊ नये अशी शिफारस झाली. तळ्याची जागा परत निळी करता येणार नाही, तिथे घरं आहेत, असा शेरा पडला.

शेजारच्या चार मजली हॉस्टेलचा फॉर्म दोन पानांचा झाला. कमलबाईंचा अर्ध्या पानाचा. छत, पत्रा. मजले, एक. पाणी, टँकर. विहीर, कोरडी. सध्या राहणाऱ्या व्यक्ती, एक.